साखरेच्या डब्यातली यादी

चहा ठेवण्याआधी इन्शिराह रोज साखरेच्या डब्यात हात घालायची. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. तो बोटांना लागला की ती डबा बंद करायची. वाचायची नाही. सगळं पाठच होतं: फ्रिज एक, तीन दारांचं कपाट एक, तांब्याची भांडी बारा, सोनं तीस ग्रॅम. लग्नात तिच्या वडिलांनी लिहून घेतलेली यादी. खाली नवऱ्याची, रगबची सही, की मागेल त्या दिवशी हे सारं तिला परत करीन.

तलाक होऊन सात आठवडे झाले होते. फ्रिज, कपाट, सोनं अजून रगबच्याच घरात होतं. तिच्याकडे दोन मुली होत्या, हाजी बयूमींच्या गच्चीवरची खोली होती आणि हा कागद. खोलीची अनामत गुरुवारपर्यंत द्यायची, नाहीतर सामान जिन्यात. तरी ती शांत होती, कारण या महिन्यातली भिशी तिची होती. दहा बायका, प्रत्येकीचे दोन हजार पाउंड, सहावा नंबर इन्शिराहचा.

मंगळवारी ती भिशी चालवणाऱ्या उम्म वहीदकडे गेली, तेव्हा बायका जमलेल्या होत्या. दारात रगब उभा होता.

"खाला, पाच हप्ते माझ्या कमाईतून गेलेत," तो उम्म वहीदला म्हणाला. "अर्धे माझे."

"तुझी कमाई हुक्क्यात जायची," इन्शिराह म्हणाली. "हप्ते द्राक्षाच्या पानांतून निघाले. विचार ना, मन्सूरा शहरातल्या किती मास्तरणींना मी पानात भात भरून, वळून दिलाय."

कुणीतरी हसलं. उम्म वहीद हसली नाही.

"याला एक छदाम देत नाही मी. पण पोरी, पैसे उचलल्यावर पुढचे चार हप्ते तू भरशील कशावरून? आता एकटी तू. या बायका म्हणतायत, तुझा नंबर शेवटी टाकू."

"आणि गुरुवारी मी मुलींना घेऊन कुठे जाऊ?"

रगबने आवाज खाली आणला. "यादी मला दे. हाजींची अनामत आत्ता भरतो. विषय संपला."

इन्शिराहने शेजारच्या बासीनाकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी बासीनाने असाच कागद देऊन टाकला होता. आज तिच्याकडे स्वतःचा म्हणावा असा चमचा नव्हता. बासीनाने मान खाली घातली.

इन्शिराह उठून गेली आणि परतली ती मनगटापर्यंत साखर लागलेल्या हाताने. कागद तिने उम्म वहीदच्या मांडीवर ठेवला.

"तारण ठेव, खाला. माझा एक हप्ता जरी चुकला, तरी हा याला देऊन टाक."

"चारच महिने ना?" रगब म्हणाला. "थांबतो मी."

भिशी मिळाली, ती सगळी अनामतीत गेली. सकाळी हात सवयीने डब्यात जायचा आणि रिकामाच वर यायचा. तीन हप्ते गेले. चौथा महिना भर उन्हाळ्याचा. मास्तरणी समुद्रावर निघून गेल्या, पानं वळायला कुणी देईना. शेवटच्या दिवशी सातशे पाउंड कमी पडत होते. हाजींकडे मागितले, नाही म्हणाले. दुपारी तिने शेगडीची नळी काढली, सिलिंडर खांद्यावर घेतला आणि चार मजले उतरून गॅसवाल्याच्या गाडीपाशी गेली. त्याने सहाशेच सांगितले. ती तिथेच उभी राहिली. हलेचना, तेव्हा त्याने वर शंभराची नोट ठेवली.

उम्म वहीदच्या जिन्यात तिला रगबचा आवाज ऐकू आला. "सूर्य बुडून मगरिबची अजान झाली की कागद माझा, खाला."

"होऊ तर दे. चहा पी आधी."

इन्शिराह आत आली. नोटा तळहाताच्या घामाने ओल्या झाल्या होत्या. उम्म वहीदने त्या एकेक करून मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. रगबचा पेला अर्ध्यावरच थांबला. मोजणं संपलं तशी बाहेर अजान सुरू झाली. उम्म वहीदने गादीखालून कागद काढून इन्शिराहच्या हातात दिला. रगब जिना उतरून गेला.

कागद पोलक्यात खोचून इन्शिराह दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

"खाला, तुझ्या शेगडीवर मुलींपुरता भात टाकू का? माझा गॅस संपलाय."