बारावा कप

माझे बाबा सुतार, आणि पक्के भित्रे. त्यात हल्ली डिझाइनच्या नावाखाली खुर्च्यांना पाय कसले, काड्या लावायच्या! स्क्रू दिसता कामा नये, सगळा भार गोंदावर. म्हणून बाबा प्रत्येक खुर्चीसाठी गोंदाचा वेगळा कागदी कप भरायचे. कप रिकामा झाला, की ती खुर्ची पक्की.

बारा खुर्च्या शोरूमला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू मारताना बाबांनी कप उचलले. अकरा रिकामे होते. बाराव्यात गोंद तसाच, दगड झालेला. म्हणजे एक खुर्ची नुसते सांधे बसवून, गोंद न लावताच गेली होती.

मला स्कूटरवर मागे बसवून त्यांनी शोरूम गाठलं. गिऱ्हाइकासारखे ते एकेका खुर्चीवर बसून डुलून पाहू लागले. अकरा खुर्च्यांनी हूं की चूं केलं नाही. बाराव्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर तान्हं बाळ.

"ओरडलो तर दचकून मागे रेलतील," बाबा पुटपुटले. मी हसत हसत आजींकडून बाळ मागून घेतलं. तोवर बाबांनी गुडघ्यांवर बसून खुर्चीचे मागचे दोन्ही पाय घट्ट धरले होते.

"आजी, सावकाश उठा हं." बाबा खालूनच म्हणाले.

आजी उठल्या आणि खुर्चीचा उजवा पाय अलगद बाबांच्या हातात आला.

आजींनी त्या पायाकडे पाहिलं, मग माझ्या कडेवरच्या बाळाकडे. शेजारी अकरा नव्याकोऱ्या खुर्च्या असताना त्या जमिनीवरच बसल्या.