‘निघाला’ म्हणायची जागा

थेरगावच्या आमच्या दोन खोल्यांत त्या सोमवारी मी दुपारपर्यंत वीसेक वेळा तरी गॅलरीत जाऊन आले असेन. बूड टेकतच नव्हतं. चाकणच्या एका प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला, चार मिनिटांचा ॲनिमेशन व्हिडिओ द्यायचा होता: प्रेसखाली पत्रा ठेवताना हात कसे वाचवायचे. मंगळवारी सकाळी नवे कामगार तो बघणार आणि थेट मशीनवर उभे राहणार. आणि माझ्या व्हिडिओत प्रेस आधी पडत होती, ‘हात!’ ही हाक मागून येत होती. म्हणजे शिकवणार काय, बोटं तोडून घ्यायला?

आवाज खालच्या मजल्यावरच्या चाचांचा. तीस वर्षं प्रेसवर काढलेला माणूस, आता घरीच असतात. मोठ्या प्रेसवर समोरासमोर दोघं काम करतात. बटण ज्याच्याकडे, तो दाबण्याआधी ‘हात!’ म्हणून ओरडतो. चाचा रेकॉर्डिंगला असे ओरडले की मीच दचकून हात मागे घेतला.

सुरुवातीला चित्र आणि आवाज झकास जुळायचे. मिनिटभरात दोन-अडीच सेकंदांचा फरक पडायचा, शेवटाला जवळजवळ दहा. आवाज अलीकडे ओढला की शेवट जमायचा, सुरुवात बोंबलायची. डोकं फिरलं माझं. चहा दोनदा निवला. शेवटी मी शहाणीनं काय केलं, प्रत्येक हाकेनंतर चाचा गप्प राहिले होते, ती जागा थोडी थोडी कापली. मला वाटलं, दम घेत असतील. आवाज आखूड झाला आणि चित्राला जाऊन भिडला. स्वतःवरच इतकी खूश झाले की चाचांना हाक मारून वर बोलावलं.

अर्धा व्हिडिओ बघून ते म्हणाले, “थांबव. बेटा, माझं थांबणं कुठं गेलं?”

“अहो चाचा, तिथं काहीच नव्हतं. रिकामंच होतं ते.”

“रिकामं कसं? समोरचा ‘निघाला’ म्हणतो तिथं. तो म्हणेपर्यंत बटणाला हात लावायचा नसतो.”

“मग तेही तुम्हीच म्हणायचं ना रेकॉर्डिंगला!” मी तडकलेच.

“मी कसं म्हणू? त्याचा हात निघाला की नाही, ते मला कुठून कळणार?”

चाचा स्क्रीनकडेच बघत होते. मग म्हणाले, “एकदा नव्हतो थांबलो. माल अर्जंट होता. समोर माझा धाकटा भाऊ होता.” पुढचं विचारायची माझी छाती झाली नाही. सकाळपासूनच्या माझ्या हुशारीची मला मनापासून लाज वाटली.

ते गेल्यावर मूळ आवाज जसाच्या तसा परत घेतला. सकाळीच करायला हवं होतं ते तेव्हा केलं: आवाजाचा नाद सोडून चित्राची माहिती उघडली. ॲनिमेशन मी सेकंदाला चोवीस चित्रांचं बनवलं होतं, आणि एडिटिंग सॉफ्टवेअरनं ते आत घेताना सेकंदाला पंचवीस धरली होती. फरक एका चित्राचा, पण साठत साठत चार मिनिटांत दहा सेकंद. आवाज बरोबरच होता, चित्रच पळत होतं! पंचवीसचे चोवीस केले आणि एकेक प्रेस मुकाट्यानं जागेवर आली. दोन मिनिटांचं काम होतं राव, आणि मी सकाळपासून त्या माणसाच्या आवाजावर कात्री चालवत बसले होते.

मंगळवारी चाकणला शॉपच्या ट्रेनिंग रूममध्ये व्हिडिओ लावला. पंधरा-वीस नवे कामगार, बरेचसे मराठवाड्याकडचे, कोऱ्या करकरीत बुटांत अवघडून बसलेले. व्हिडिओ संपल्यावर शॉपचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “मस्त झालंय मॅडम. फक्त प्रत्येक हाकेनंतर तो आवाज गप्प होतो ना, तेवढं उडवा. उगाच टाइम जातो.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक कालपर्यंत माझीच होती, हे माहीत असूनही झाला.

“उडवते की,” मी म्हणाले. “आधी तुम्ही प्रेससमोर उभे राहा आणि हात आत ठेवा.”

कुणीच हसलं नाही. साहेबांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला आणि स्वतः कामगारांमध्ये जाऊन बसले.