वळणावरची धपधप

"ज्याचा इश्वास हाय, त्याला मगर शिवत न्हाई, फुलाये."

"मग मला कशापायी बोलावता, पाळकबाबा? इश्वासानंच बडवा की पानी!"

पाळक बिझेकी हसले नाहीत. शिरे नदीत कुणाचा बाप्तिस्मा असला, की आधी डोंग्यातून वल्ह्यानं पाणी बडवायचं, म्हणजे मगरी लांब जातात, अशी काठावरची रीत. वीस वर्षं ते काम नावाडी फुलायेकडं. स्वतः मात्र तो कधी बाप्तिस्म्याला उतरला नव्हता. येत्या रविवारच्या चौघांत त्याची बायको मलिता होती.

"घरीच घागरभर पानी वता तिच्या डोक्यावर. क्रुसावरल्या चोराला कुनी बुडवलं हुतं? तरी गेलाच की येशूसंगं सर्गात."

"त्याचे हातपाय खिळ्यांनी ठोकलेले. तुझ्या दारात नदी हाय."

घरी मलिता मक्याचं पीठ घाटत होती. छातीच्या दुखण्यानं तिची पार रया गेली होती.

"इश्वास हाय न्हवं तुझा? मग तारण झालंच की," तो म्हणाला.

"मनात नवरा धरला म्हंजी लगीन लागतं व्हय? चारचौघांत उभं ऱ्हावं लागतं. मी अशी अर्धीमुर्धी मरायची न्हाई."

त्यानं पाहिलेलं तिला सांगितलं नाही. मागल्या दोन्ही बाप्तिस्म्यांच्या वेळी लोक पांगल्यावर घाटाच्या चिखलात मगर पोट घासत आल्याची ताजी खूण होती. एकदा तर तिथंच पाणी पिणारी शेळी गेली. मगर पळत नव्हती. आवाजामागं माणसं पाण्यात येतात, ही सवय तिला त्याच्याच वल्ह्यानं लावली होती.

रविवारी सकाळी घाटावर तो म्हणाला, "हितं बडवनार न्हाई. खाली वळणावर बडवतो."

"बायकोच्या येळंलाच हात दुखाया लागले व्हय रं?" डोलिका म्हातारी ओरडली. बाया हसल्या. त्यानं डोंगा लोटला.

वळणावर त्यानं वल्हं उगारलं. धप. धप. घाटावर आवाज पोचला, तशी मगरी लांब गेल्याची लोकांची खात्री पटली. गाणं सुरू झालं.

वारा नव्हता, तरी समोरचं पाणी फुगलं. लांबलचक काहीतरी डोंग्याच्या बुडाला घासत गेलं. पायाखालचं लाकूड थरथरलं. थांबलो तर ती वर घाटाकडं वळणार. तो बडवत राहिला. डोंग्याशेजारी दोन डोळे वर आले, त्याच्याकडं बघत राहिले.

तेवढ्यात वरचं गाणं थांबलं. माणूस पाण्याखाली गेला, की गाणं थांबतं. पहिली मलिताच होती. धप. धप. त्याला वाटलं, एवढा वेळ कुणी बुडवतं का? ओठ तिचं नाव पुटपुटत होते. ती प्रार्थना होती की भीती, त्याचं त्याला कळेना.

मग खोकला ऐकू आला. तिचाच.

गाणं आणखी तीनदा थांबलं, पुन्हा सुरू झालं. चौघंही वर चढेपर्यंत त्यानं हात थांबवला नाही.

तो घाटावर आला, तेव्हा मलिता ओल्या कापडात कुडकुडत होती. चेहरा मात्र निवळला होता.

"बघितलंस? इश्वासापुढं मगर फिरकली न्हाई," डोलिका म्हणाली.

"फुडल्या खेपंला तू बी उतर," बिझेकी म्हणाले. "पानी बडवाया दुसरा कुनीतरी बघू. हितंच, घाटावर."

"घाटावर कुनीबी बडवायचं न्हाई," फुलाये म्हणाला आणि चिखलातली जुनी खूण त्यानं बोटानं दाखवली. कुणी वाकून बघितलं नाही.

मलितानं त्याचा हात धरला. "कुठं हुतास? मला वर येताना बघितलंस न्हाई."

"ऐकलं."

पैलतीरावरनं टोपल्या घेतलेल्या बाया डोंग्यासाठी हाका मारत होत्या. फुलायेनं वल्हं अलगद पाण्यात सोडलं आणि आवाज न करता डोंगा हाकारला.