नैवेद्यवहिनी

आमच्या बिल्डिंगमध्ये एकच बाई अशी होती, जिच्या तोंडून 'आज मला चालत नाही' हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. बाकी आम्ही सगळ्या महिन्यातले चार दिवस देवाला नको असायचो. कुणाकडे सत्यनारायण ठरला, की आमंत्रणाआधी कुजबुज सुरू व्हायची: कुणाला चालतंय, कुणाला नाही? नैवेद्यवहिनींना मात्र हा प्रश्न कुणी विचारत नसे. दार वाजवायचं, "वहिनी, जरा येता का?" म्हणायचं, की पदराला हात पुसत त्या पायात चपला सरकवायच्या. भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, आपले कोकणातले, सगळेच होते आणि सगळ्यांच्या देवांना त्यांच्या हातचं जेवण आवडायचं. त्यांचं खरं नाव अर्ध्या बिल्डिंगला माहीतच नव्हतं.

वहिनी राजापूरकडच्या. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, तिथल्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा करड्या झालेल्या असायच्या. मुलगा नुकताच कॉलेजात जायला लागला होता. घर माझ्या शेजारचंच, एक खोली नि स्वयंपाकघर. नैवेद्याचं चाखून बघायचं नसतं, पण वहिनींचं मीठ कधी चुकलं नाही. कसं जमतं, विचारलं तर म्हणायच्या, "देव काय तक्रार करतोय? उलट बोलणारी तुम्ही माणसं. तुमच्या भीतीनं हात नीट चालतो."

आता खरं सांगायचं, तर वहिनींनाही एकेकाळी आमच्यासारखंच 'चालत नसे'. पण त्या चालवून घ्यायच्या, गोळ्या खाऊन. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या हो! मेडिकलवाला तोंडाकडे न बघता वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून द्यायचा. गौरी-गणपतीच्या आधी या गोळ्यांना मोदकाच्या पिठाइतकी मागणी असते, हे कुणी बोलत नाही इतकंच. गणपतीला वहिनींची सासू गावाहून यायची. तिला शिवाशिव पराकोटीची. वहिनी म्हणायच्या, "एका खोलीत देव, दुसरीत सासू. मी बाजूला बसू कुठे, लिफ्टमध्ये?" आम्ही हसायचो. त्या गणपतीला गोळ्या खायच्या, नवरात्रात खायच्या, आणि दुसऱ्यांच्या पूजा अडू नयेत म्हणूनही खायच्या. हे शेवटचं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मग एका संक्रांतीच्या सुमाराला त्यांची पाळी आलीच नाही. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सासऱ्यांना उपचारांसाठी गावाहून आणलं होतं आणि घर माणसांनी भरलेलं, म्हणून त्यांनी तपासायची पट्टी आमच्या बाथरूममध्ये वापरली. एकच रेघ उमटली. चाळिशीला टेकलेल्या वहिनींना इतकं हायसं वाटलं, की त्या तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसून हसायला लागल्या. "दिवस नाहीत ना? मग झालं तर! गोळ्यांनी आत बसलंय, येईल सावकाश."

गोळी थांबवली की थोड्याच दिवसांत पाळी यायला हवी, एवढं मला ठाऊक होतं. ते मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "तुझं पुस्तकातलं शरीर, नीता. माझं गावातलं." बिल्डिंगमध्ये बातमी फुटली, तशा सगळ्याच डॉक्टर झाल्या. पहिल्या मजल्यावरची म्हणाली, थायरॉइड असणार, माझ्या बहिणीचं अस्संच झालं होतं. माझी नणंद पोलीस भरतीसाठी धावायची आणि पोटभर जेवायची नाही, तेव्हा तिचीही पाळी बंद झाली होती. त्यावरून माझ्या सासूबाईंनी ठरवलं, की वहिनींची हाडं दिसतात, तेच कारण. कुणी टेन्शनवर ढकललं, कुणी पीसीओडीवर. समोरच्या जयाबेन म्हणाल्या, "जल्दी बंद हो गया भाभी, अच्छा ही है, छुट्टी!" एकेक कारण कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत खरं असेलही. पण वहिनींच्या बाबतीत कुठलं, हे तपासल्याशिवाय कसं कळणार? ते तपासायचं मात्र कुणाच्या मनात नव्हतं.

कारण सरळ होतं. वहिनी आता बारा महिने तेरा काळ सगळ्यांच्या कामाच्या झाल्या होत्या. गोळी नको, विचारणं नको. वास्तुशांत असो, बारसं असो, कुणाच्या घरची देवी असो, वहिनी हजर. माझ्या सासूबाई त्यांच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडायच्या आणि म्हणायच्या, "पुण्यवान गो तू, देवानं तुला सोवळ्यातच ठेवलं." मी एकदा भडकून म्हटलं, "आई, अहो देवानं नाही, कसल्या तरी आजारानं ठेवलं असेल." त्या दिवशी घरात माझ्याशी कुणी बोललं नाही.

वहिनी कपाळाला ओढणीची पट्टी आवळून बांधायला लागल्या ती याच दिवसांत. डोकं ठणकायचं. पट्टीखाली बाम चोपडलेला असायचा, त्यामुळे त्यांच्या पुरणालाही बामाचा वास येतो, अशी थट्टा चालायची. "काय वहिनी, लढाईवर निघालात का?" असं जिन्यात कुणीही विचारायचं. त्या म्हणायच्या, "लढाई कसली, डोक्यात पॉलिशचं मशीन लागलंय. भाऊंचा कारखाना आता माझ्याकडेच शिफ्ट झालाय." सगळे हसायचे. हसवता आलं, की बाईला दुखतंय असं कुणाला वाटतच नाही.

गच्चीवर पापड वाळत घालताना एकदा त्यांनी मला पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ओढलं. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "नीता, एक सांगू? हसायचं नाय." मग ब्लाऊजच्या आत घडी करून ठेवलेला रुमाल दाखवला. ओला होता. "पोरगा मिशा कोरतोय गो, आणि मला दूध येतंय." हे सांगताना त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचा चेहरा कसानुसा झाला. मला हसू आलं नाही. खाली उतरताना त्या गच्चीच्या दाराच्या चौकटीवर खांद्याने आदळल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हल्ली या बाईला सारखं काहीतरी लागत असतं. कधी चौकट, कधी कपाट, कधी बाजूने येणारी सायकल. टांग्याच्या घोड्यासारखं त्यांना फक्त समोरचं दिसत होतं आणि त्यांना स्वतःलाच ते कळलेलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना रिक्षात घालून सिल्व्हर पार्ककडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग त्यांच्यासमोर बसून स्वतःचे दोन्ही हात दोन बाजूंना धरले आणि विचारलं, "माझ्या नाकाकडेच बघा. कुठल्या हाताची बोटं हलतायत?" वहिनी म्हणाल्या, "हात कुठे आहेत?" डॉक्टरीणबाईंनी हात खाली घेतले. मग सावकाश सांगितलं, की पाळीचा हुकूम पिशवीतून सुटत नाही, तो डोक्यातून सुटतो. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आली असावी. पाळी थांबणं, दूध येणं, डोकं दुखणं, सगळं तिचंच. बहुतेकदा साध्या गोळ्यांनीही ही गाठ आटोक्यात येते. पण ती डोळ्यांच्या नसांवर दाबतेय. "रक्त आजच तपासायला द्या, डोक्याचा एमआरआय या आठवड्यात करा. नजर गेली, तर परत आणता येईल असं मी सांगू शकत नाही."

गणपती तोंडावर आले होते. घरी येऊन वहिनींनी सांगितलं, तर बिल्डिंगभर हसं झालं. पाळी येत नाही म्हणून डोक्याचा फोटो? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! डॉक्टर लुटतात, एवढं एकच ज्ञान सगळ्यांकडे भरपूर होतं. भाऊ बिचारे गोंधळले. वहिनींची सासू गावाहून आलेली होती, ती म्हणाली, गौरी जाऊ देत, मग काय ते फोटो काढा. मी भाऊंशी भांडले, त्यांच्या आईशी भांडले, शेवटी वहिनींच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, "वहिनी, डोळे जातील हो." त्यांनी माझा हात थोपटला. "गौरीला उपाशी ठेवून मी डोळे घेऊन काय करू? चार दिवसांनी काय होतंय?"

गौरीच्या जेवणाच्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला, म्हणून मी धावले. वहिनी घावन घालत होत्या. पीठ तव्यावर पडतच नव्हतं. शेगडीवर, ओट्यावर, जमिनीवर पांढरे ओघळ गेले होते. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं, भडभडून उलटी केली आणि विचारलं, "दिवे कुणी घालवले?" खिडकीतून ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडलं होतं. सासू देव्हाऱ्यापाशी उभी राहून ओरडत होती, की सोवळ्यात ओकली, आता परत सगळं करायला लागणार. आयुष्यात मी कुठल्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून बाजूला ढकललं नव्हतं, ते त्या दिवशी ढकललं.

गाठीतच रक्तस्राव झाला होता. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्याच दिवशी ऑपरेशन झालं. जीव वाचला. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढा फरक कळायचा, उजव्याला तोही नाही. थोडं आधी आणलं असतं तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले आणि भाऊ कॉरिडॉरच्या भिंतीला कपाळ टेकून लहान मुलासारखे रडले. त्यांना काय बोलणार? त्यांनाही कुणी कधी सांगितलं नव्हतं, की बायकांच्या त्या गोष्टीचा डोळ्यांशी संबंध असतो.

वहिनी घरी आल्या. पहिले काही दिवस बिल्डिंगमधल्या बायका शहाळी घेऊन येऊन गेल्या. मग हळूहळू सगळ्या आपापल्या कामाला लागल्या. नवरात्रात जयाबेनकडे दुसरीच कुणी प्रसाद करायला आली. दार वाजलं, की वहिनी भिंत चाचपत उठायच्या. बहुतेकदा कुरिअरवाला असायचा, नाहीतर मी. "कुणाकडे काय आहे गो आज? तुपाचा वास येतोय," असं विचारायच्या. मी खोटं सांगायची, की कुणाकडे काही नाही. त्यांचं हसवणं मात्र थांबलं होतं, आणि ते मला त्यांच्या डोळ्यांपेक्षाही जास्त लागायचं. एकदा त्या सहज म्हणाल्या, "पाळी बंद झाली तेव्हाच ती मला सांगत होती गो, काहीतरी बिघडलंय म्हणून. मी तिला पुण्य समजले."

भाऊंनी शेवटी कारखाना सोडला. गावाला घर होतं, भावाची माणसं होती. निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं. मुलगा नि भाऊ खाली होते. मी वहिनींची वेणी घालून देऊन उठले, तोवर त्या बाथरूमला गेल्या. आतून हाक आली, "नीता, ये गो जरा. कडी नाय लावलेली."

आत गेले तर वहिनी भिंतीला धरून उभ्या. हातात परकराचा सोगा धरून तो माझ्यापुढे केलेला. "ओलं लागतंय. बघ काय आहे. पाणी सांडलं का माझ्याकडून?"

ऑपरेशननंतर गाठ पुन्हा वाढू नये म्हणून त्यांना गोळी चालू होती. पाळी परत येईलही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण त्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता.

मी म्हटलं, "वहिनी, पाळी आलीय."

"खरं सांग. माझी समजूत घालू नको."

"खरंच आलीय."

"रंग कसा आहे?"

"लाल."

"काळपट नाय ना? चांगला लाल आहे?"

"चांगला लाल आहे, वहिनी. जास्वंदीसारखा."

त्यांनी परकराचा तो ओला भाग बोटांनी चाचपला. मग बोटं उचलून डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, डाव्या डोळ्याजवळ, मग उजव्या, आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. खालून टेम्पोवाला हॉर्न देत होता.

"एवढी वाट बघायला लावून आली गो," त्या म्हणाल्या, "आणि मलाच दिसत नाय."