हात धुवा, पण खांबापाशी

आमच्या साडूंइतका जमिनीचा ध्यास घेतलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत नव्हता, आणि त्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. ते होते वीज कंपनीत. तेव्हा गावात नुकतेच विजेचे खांब येत होते. लोक मान वर करून तारा बघायचे. आमचे साडू खांबाच्या पायाशी उकिडवे बसायचे. त्यांच्याकडे हँडल फिरवायची एक पेटी होती. लोखंडी गज जमिनीत ठोकायचे, तारा जोडायच्या, हँडल गरागरा फिरवायचं आणि काट्याकडे बघून वैद्यासारखं तोंड करायचं. याला ते अर्थिंग म्हणत. सत्यनारायणाला बोलावलं तर प्रसादाआधी अंगणात काठी रोवून ओल बघत. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथे मुलीचं नाव राहिलं बाजूला, तिच्या बापाला विचारलं, "विहिरीला पाणी किती खाली?"

मी मराठी दुसरी शिकलेला, पण अडाणी नव्हे. सरळ विचारलं, एवढ्या खटपटीने आणलेली वीज जमिनीतच सोडायची तर आणलीत कशाला? त्यांनी अर्धी दुपार समजावलं. तार तुटून खांबाला लागली की वीज खांबात उतरते. तिला जमिनीत जायला वाट हवी, नाहीतर खांबाला हात लावणाऱ्यातून ती वाट काढते. मी मान डोलावली. कळलं तेव्हाही नाही, आजही नाही.

आमच्या थोरलीचं लग्न वैशाखात ठरलं. मांडवात विजेचे दिवे लागणार, असं मी व्याह्यांना छातीठोक सांगून बसलो होतो. फाटकापाशी खांब उभा राहिला, पण खाली सगळा जांभा, कोरडा ठणठणीत. वीज मुरायला ओल लागते, म्हणून साडूंनी खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला. ते शेजारच्या काकूंनी बघितलं. लग्नघराच्या दारात मीठ-कोळसा कशासाठी पुरतात, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. काकूंनी गडी लावून सगळं उपसलं, समुद्रात टाकलं, वर नारळ वाढवला.

लग्नाच्या सकाळी साडूंनी हँडल फिरवलं, तर काटा पार वर; खड्डा उकरून बघितला, तर आत नुसती माती. काकू येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "साडूच करणी करतोय तुझा. मी निस्तरलंय, तू गप रहा."

साडू माझ्याकडे वळले. "भाऊ, वीज सोडू देणार नाही."

व्याही काय म्हणतील, मी विचारलं.

"खांबाला लोंबकळतायत ती पोरं कोणाची? त्यांचीच ना?"

मीच गडी पिटाळला. पुन्हा मीठ-कोळसा आला. साडूंनी जरीकाठी धोतर खोचून स्वतः खड्डा भरला आणि पहाऱ्याला काकूंनाच बसवलं. आता खड्डा ओला ठेवायला पाणी हवं, तर विहिरीने तळ गाठलेला. मग पंगत उठली की साडू तांब्या घेऊन हजर. सगळ्यांनी हात धुवायचे ते खांबापाशी. वऱ्हाडी गोंधळले. व्याह्यांनी विचारलं, ही काय रीत? मी ठणकावून सांगितलं, "आमच्या घराण्याची आहे."

दोन पंगतींच्या मध्ये साडू हँडल फिरवत. दिवेलागणीला काटा मनासारखा उतरला आणि मांडव उजळला. सगळे वर बघत राहिले. साडू तेवढे खांबावर तळहात टेकून उभे होते, तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

साडू जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घरात कार्य निघालं की अजून पाहुण्यांना हात धुवायला खांबापाशी नेतात. नातवंडं म्हणतात, रीत आहे. मीही तिथेच जातो. कशासाठी ते नीट सांगता येत नाही, पण चार थेंब जास्तच सांडतो.