तिसऱ्या दिवशीची गोळी

दादाचा फोन आला तेव्हा मी आंजीला सासरी कपडे घ्यायला आले होते. "बाबा गेले," एवढंच म्हणाला. परतीची बस पकडली. तेरवीला माहेरी रोहण्याचे लोक बाबांच्या किराणा दुकानाबद्दल चांगलं बोलले. मला मात्र सारखं दुसरंच आठवत होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आता इतक्या आठवड्यांनी लिहिते आहे, तरी संकोच आहेच.

ती गोष्ट लग्नाआधीची. मी बावीस वर्षांची होते. आई लहानपणीच गेलेली. चेहराभर मुरुमं, गाठीसारखी, दुखणारी. आर्वीच्या डॉक्टरांनी ट्रेटिनॉइनचं मलम दिलं. त्यानं कातडी सोलून निघाली आणि मी उन्हात बाहेर पडेनाशी झाले. मग अडापालीनचं जेल आलं. आग कमी, पण गाठी तशाच. शेवटी बाबा मला वर्ध्याच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेले. त्यांनी गोळी सुचवली, तसे बाबा दुकानदारासारखं विचारू लागले, "साहेब, तिन्हीत फरक काय हाय? मालासारखं समजावून सांगा."

डॉक्टर हसले. "तिन्ही एकाच घराण्यातली. मलम कडक, जेल सौम्य, पण दोन्ही वरून लावायची. हिच्या गाठी खोल आहेत, खड्डे पडताहेत. आयसोट्रेटिनॉइनची गोळी आतून काम करते. सहाएक महिने घ्यावी लागेल. पण ती चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत. बाळात व्यंग येतं."

"पोरगी कुवारी हाय, साहेब."

"माहीत आहे. तरी सांगावंच लागतं. पाळीच्या तिसऱ्या दिवशी सुरू करा. जेवणासोबत, तूप-तेल असलेल्या."

बसमध्ये बाबा माझ्या पुढच्या सीटवर बसले. रोहणा येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

आमच्या घरात तेव्हा बाजूला बसणं पाळत. मागची खोली, वेगळं ताट, काकू उंबऱ्याबाहेरून सरकवणार. त्यामुळे कोणाला काही विचारावं लागत नसे. सगळ्यांना माहीतच असे. मला त्याची भारी लाज वाटे. गोळ्या बाबांकडे होत्या, आणि मी मागणार नव्हते... तिसऱ्या दिवशी ताट घेऊन काकू आली नाही, बाबा आले. उंबरा ओलांडून आत. भातावर नेहमीपेक्षा जास्त तूप, ताटाच्या कडेला गोळी. "जेवणासंगं घेजो," म्हणाले आणि जमिनीकडे बघत निघून गेले.

दोन महिन्यांनी नाचणगावचं स्थळ आलं. मुलाला मी पसंत होते, पण त्यांना लग्न लगेच हवं होतं. काका म्हणाले, "गोळी बंद करा ना भाऊ. नाईतर पोरगी अजून शिकून राह्यली म्हणा, थांबतील." बाबांनी दोन्ही ऐकलं नाही. बाबांसोबत नाचणगावला जाऊन काका परतले ते चिडूनच. "भर बैठकीत भाऊ म्हणे, पोरीले औषध चालू हाय, त्यात दिवस राह्यले त लेकरू बिघडते. काऊन सांगायचं असं? माह्या हातातला चहा तसाच राह्यला."

स्थळ मोडलं. त्याचं मला दुःख नव्हतं. माझ्या पोटाची चर्चा परक्या पुरुषांनी चहा पिताना केली, या विचारानं मी कित्येक दिवस दुकानाच्या बाजूला फिरकले नाही. ज्या माणसाला घरात पाळी हा शब्द उच्चारता येत नव्हता, त्याला तिथं बोलताना काय झालं असेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. गोळ्या सहा महिने चालल्या. चेहरा निवळला, खड्डे थोडे राहिले. पुढच्या वर्षी आंजीला लग्न झालं. बाबा आणि मी त्या विषयावर कधी बोललो नाही.

शेवटच्या आजारात बाबांची खाट त्याच मागच्या खोलीत टाकली होती, न्हाणी जवळ म्हणून. अंथरुणात व्हायला लागलं तेव्हा मी राहायला गेले. धोतर बदलायची वेळ आली की ते डोळे घट्ट मिटून घेत. वहिनी दारातून म्हणायची, "बाबा, पोटच्या पोरीले काय लाजता?" मी तिला दार लोटून घ्यायला सांगत असे. मग मी भिंतीकडे तोंड करून, हातानं चाचपत काम उरकायचे. इतकी वर्षं घर चालवलेल्या बाईला एवढं न बघता जमतं.