डावा क्रँक, चार इंची

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळी आठ. धुळ्यात देवपुरातली माझ्या बहिणीची गल्ली. हजर: माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन नाना, आणि जळगावहून पहिल्या बसने आलेली मी. शिवाय एक नवी सायकल, अजून कुणी न चालवलेली. हे सगळं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. कॉलेजच्या कार्यालयात इतकी वर्षं हजर कोण आणि बाकी काय हे लिहिण्यात गेली, की आता घरच्या कार्यालाही मी आपोआप हजेरी मांडते. पण काही गोष्टी हजेरीत मावत नाहीत. उदाहरणार्थ ही: पांझरा नदीपासून गिरणा नदीपर्यंत माझ्या भाऊजींइतका हट्टी माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर त्याची सायकल भाऊजींनीच बांधलेली असणार.

भाऊजी सायकली बांधतात. दुरुस्त करत नाहीत, विकत नाहीत, बांधतात. हा फरक त्यांच्यासमोर कुणी चुकवला तर चहा मिळत नाही. बसडेपोच्या वर्कशॉपात ते फिटर होते. उंच, बुटका, लठ्ठ, किडकिडीत अशा पन्नास माणसांना एकाच मापाच्या बाकांवर बसवायचं, याचा राग त्यांनी नोकरीभर पोटात ठेवला आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी परसात पत्र्याची शेड उभी केली. "चप्पल घेताना पाय बघतेस ना?" त्यांनी मला एकदा विचारलं होतं. "आणि सायकल घेताना काय बघतेस? रंग!" त्यांच्याकडे रंगाला शेवटचा नंबर. आधी माप. गिऱ्हाइकाला भिंतीशी उभं करून सुतळी धरायची, पायाची लांबी झाली की एक गाठ, हाताची झाली की दुसरी, खांद्यांची झाली की तिसरी. फूटपट्टीवर त्यांचा विश्वास नाही, कारण फूटपट्टी कुणाचीही असते. सुतळी ज्याची त्याची. शेडच्या भिंतीवर खिळ्यांना अशा दीड-दोनशे सुतळ्या लोंबतात आणि प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. माणसाचं नाव ते विसरतात, गाठी विसरत नाहीत. बाजारात कुणी ओळख दिली की क्षणभर त्याच्या पायांकडे बघून म्हणतात, "हां हां, लांब मांडी, आखूड हात. बरं चाललंय ना?"

मापानंतर मुलाखत. ती मात्र सगळ्यांना सोसत नाही. रावेरचे एक केळीबागायतदार मोटार घेऊन आले होते. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता आणि त्यांना परदेशी दिसणारी, खाली वाकून चालवायची सायकल हवी होती. भाऊजींनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि शांतपणे विचारलं, "बसल्यावर पोट मांडीला कुठं लागतं?" बागायतदार लाल झाले. म्हणाले, "मी सायकल घ्यायला आलोय, सोयरीक जमवायला नाही." भाऊजी म्हणाले, "सोयरिकीत चुकलं तर निभून जातं शेठ, सायकलीत पाठ धरते." ते उठून गेले. आठ दिवसांनी परत आले आणि स्वतःच पोटाला सुतळी लावून बसले. त्यांचं हँडल भाऊजींनी चांगलं चार बोटं वर घेतलं. आता ते रोज त्या सायकलवर बागेतून पॅकिंगच्या शेडपर्यंत जातात, आणि दरवर्षी केळीचा एक आख्खा घड धुळ्याला पाठवतात. तो एकाच वेळी पिकतो आणि मग अक्काला गल्लीभर डझनाने वाटत फिरावं लागतं.

सुटे भाग निवडणं हा भाऊजींचा खरा सण. त्यासाठी ते जळगावला येतात, कारण धुळ्यातल्या सगळ्या दुकानदारांनी त्यांच्यापुढे हात टेकलेले आहेत. जळगावातल्या एका मारवाडी शेठजींचं तीन पिढ्यांचं सायकल-सामानाचं दुकान आहे. तिथं भाऊजींसाठी एक स्टूल राखीव असतं. रिम ते बोटावर टांगतात आणि दहा नंबरच्या पान्याने टिचकी मारतात. आवाज आवडला तर दुसरी टिचकी, नाही आवडला तर रिम परत. चाकाच्या मधोमध बसणारा हब कानाशी धरून, डोळे मिटून फिरवतात. एकदा शेठजी न राहवून म्हणाले, "भाऊ, हब घेताय का तंबोरा?" भाऊजींनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "आतले बेअरिंगचे छर्रे बोलतात शेठ. तुमच्याकडचे जरा जास्त बोलतात." एका शिक्षिकेच्या सायकलसाठी त्यांनी तीस घंट्या वाजवल्या. शेजारचा कापडवाला आग लागली की काय बघायला आला. शेवटी त्यांनी पहिलीच घंटी घेतली. मी यादी हातात घेऊन दोन तास उभी होते, म्हटलं, "मग बाकीच्या एकोणतीस कशाला?" तर म्हणाले, "त्या ऐकल्याशिवाय पहिली चांगली होती हे कळणार कसं, हेडक्लार्कबाई?"

असा हा माणूस. आणि या माणसाच्या घरात दोन वर्षं सायकल नव्हती.

म्हणजे शेडमध्ये होत्या, लोकांच्या. अक्काची नव्हती. अक्का प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि शाळा, बाजार, बँक, सगळं सायकलवर करायची. दोन वर्षांपूर्वी गच्चीवरची वाळवणं उतरवताना ती जिन्यात पडली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गुडघा काटकोनापर्यंत वाकेल, त्यापुढे नाही. चालायला हरकत नव्हती, पण थोडंसंच. तेव्हापासून अक्का सगळीकडे कुणाच्या ना कुणाच्या मागे बसून जायची. भाजी आणायची तर भाऊजींच्या मोपेडवर, बँकेत जायचं तर नानांच्या सुनेच्या स्कूटरवर. दिवाळीत मी गेले तेव्हा तिने माझ्या वहीकडे बोट दाखवलं. म्हणाली, "एक काम लिही. मला परत माझी मी जायचंय. कुणाला वेळ आहे का विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. मेथीची जुडी आणायची तर मेथीची जुडी." मी लिहिलं. भाऊजी दारात उभे होते. ते म्हणाले, "एवढंच ना? महिन्यात देतो."

म्हणून तो डिसेंबरातला रविवार.

सायकल देखणी होती. आडवा दांडा नसलेली, पुढे वेताची टोपली, चेनला पूर्ण झाकण. नाना चष्मा पुसून म्हणाले, "भाऊ, नवरदेवाची घोडी शे का ही?" मी सायकल धरली, अक्का बसली. उजवं पायडल दाबलं, सायकल हातभर पुढे गेली आणि अडकली. डावं पायडल वर आलं होतं, अक्काचा गुडघा त्याच्याबरोबर वर येत नव्हता. तिने पुन्हा जोर केला. तिच्या कपाळावर आठी उमटली आणि ओठ घट्ट मिटले. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. "उतरव मला," एवढंच म्हणाली.

भाऊजींनी गादी एक इंच वर घेतली. मग अर्धा इंच खाली. फ्रीव्हीलमध्ये तेल सोडलं, चेन सैल केली. मी विचारलं, "भाऊजी, माप कधी घेतलं होतं?"

"तिन्हं माप माले पाठ शे," भाऊजी म्हणाले. चिडले की ते शिंदखेड्याच्या आपल्या गावच्या बोलीत शिरतात.

"पण घेतलं कधी?"

उत्तर नानांनी दिलं. "लगीन झालं तधळ. मीच व्हतू ना! शाळेत जावाले सायकल करी दिधी व्हती."

म्हणजे रावेरच्या बागायतदाराचं पोट मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोची सायकल लग्नानंतरच्या सुतळीवर बांधली होती! मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता नवीन माप घ्या. तर भाऊजी ऐकेनात. गुडघा सुटेल, सवयीने सुटेल, गंजलेला बेअरिंग फिरवला की मोकळा होतो तसा होईल. "थोडं वंगण पायजे, बठ्ठं बराबर व्हई जाई." एवढं बोलून ते पान्याने काहीतरी उगाच आवळत बसले.

तेव्हा ओट्यावर बसलेली अक्का बोलली. तिचा आवाज चढत नाही. चाळीस मुलांच्या वर्गातही कधी चढला नव्हता. "रस्त्यावरच्या कुणालाही भिंतीशी उभं करता. दोन वर्षांत मला एकदा तरी उभं केलंत? ज्या बाईची ही सायकल आहे ती पंचवीस वर्षांची होती. ती आता नाही येणार. मी आहे. माझं माप घ्यायचं असेल तर घ्या, नसेल तर ही नानांच्या सुनेला द्या."

नाना हळूच चष्मा काढून घरी गेले. मीही भांडी घासायच्या निमित्ताने आत गेले, पण खिडकीतून दिसत होतं. भाऊजींनी नवी सुतळी घेतली. अक्काला स्टुलावर बसवलं, स्वतः जमिनीवर बसले, तिची डावी टाच तळहातावर घेतली आणि हळूहळू वर उचलू लागले.

"बस," अक्का म्हणाली.

"अजून थोडा?"

"नाही. इतकाच."

भाऊजींनी गाठ मारली. अंधारातही गाठ मारणारा हा माणूस, त्याची गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

त्यानंतर मात्र काम झपाट्याने झालं, कारण आता भाऊजींच्या हट्टाला दिशा मिळाली होती. उपाय त्यांनीच काढला. पायडल ज्या दांड्यावर असतं तो क्रँक; तो जितका लांब, तितका गुडघा वर जातो. तेव्हा उजवा क्रँक नेहमीचा ठेवायचा आणि डावा आखूड लावायचा. आखूड म्हणजे चार इंची, लहान मुलांच्या सायकलला असतो तो. भाऊजी मंगळवारीच जळगावला आले. शेठजी म्हणाले, "फक्त डावा? आणि तो मोठ्या सायकलला? भाऊ, एक पाय आठवीत आणि एक बालवाडीत, ही सायकल लंगडेल."

"लंगडू द्या," भाऊजी म्हणाले. "बसणारी नाही लंगडली म्हणजे झालं."

दुकानातले होते नव्हते ते सगळे छोटे क्रँक शेठजींनी काउंटरवर ओतले. मी वेळ लिहायला वही उघडली. पण त्या दिवशी भाऊजींनी एकही वाजवला नाही की कानाला लावला नाही. खिशातून सुतळी काढली, एकेक क्रँक गाठीला लावून पाहिला आणि अकरावा उचलला. एकूण वीस मिनिटं. हा माझ्या वहीतला विक्रम आहे. मी त्यांना परतीच्या बसमध्ये बसवून दिलं, तेव्हाही तो क्रँक त्यांनी पिशवीत ठेवला नाही, हातात धरून बसले होते.

दुसरी चाचणी लगेच पुढच्या रविवारी. हजर तेच, फक्त नानांनी या वेळी सुनेलाही आणलं होतं. गादी थोडी वर, डावीकडे छोटा क्रँक. अक्का बसली. उजवा पाय मोठा फेरा घेत होता, डावा छोटा; लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोन वेगळ्या बायका एकाच सायकलवर आहेत. पहिल्या दहा हातांत हँडल डुगडुगलं. भाऊजी बाजूने पळत होते. "सोडा," अक्का म्हणाली. ते पळतच राहिले. "अहो, सोडा म्हणते ना! तुम्हीच मला पाडाल." त्यांनी सोडलं. ती नानांच्या घरापुढून गेली, पिठाच्या गिरणीपुढून गेली, आणि वळली. गल्लीतून नाहीशी झाली. आम्ही चौघं कोपऱ्याकडे बघत उभे होतो. सहा मिनिटं. भाऊजी चार वेळा निघाले आणि चार वेळा नानांनी त्यांचा सदरा धरला. मग पलीकडच्या वळणावरून ती आली. टोपलीत मेथीची जुडी होती.

आता ती रोज जाते. बाजारात, बँकेत, एकदा तर पांझरेच्या पुलापलीकडे जुन्या मैत्रिणीकडे जाऊन आली. उतरण्याचा मात्र एक पेच आहे. गुडघ्यामुळे तिला खाली एकदम पाय टेकता येत नाही, उंच जागा लागते. बाजारात दुकानांचे ओटे आहेत, बँकेला पायरी आहे, मैत्रिणीकडे कट्टा आहे. ती सगळीकडे आपली आपण उतरते. फक्त स्वतःच्या घरापुढे तिला जमत नाही. घराचा ओटा फाटकाच्या आत आहे, फाटकाबाहेर सपाट रस्ता. तिथं सायकल कुणीतरी धरावी लागते. उपाय सोपा आहे: फाटकाशी एक छोटी पायरी. आठ विटा, घमेलंभर सिमेंट, अर्ध्या दिवसाचं काम. विटा भाऊजींनी त्याच आठवड्यात आणल्या. फाटकाशी रचून ठेवल्या आहेत. सिमेंटची गोणीही आहे.

परवा मी गेले तेव्हा विटा तशाच होत्या, त्यांवर पावडरीसारखी धूळ बसली होती. अक्का बाजारात गेली होती आणि भाऊजी फाटकाबाहेर उभे होते. "कधीपासून उभे आहात?" मी विचारलं. "आत्ताच आलो," ते म्हणाले. गिरणीवाला पलीकडून ओरडला, "ताई, अर्धा तास व्हयना त्यास्ले!" मी वही काढली आणि विटांचं विचारणार, तेवढ्यात घंटी वाजली. अक्का वळणावरून आली, भाऊजी रस्त्याच्या मधोमध गेले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि ती उतरेपर्यंत हलले नाहीत. चहा टाकताना मी अक्काला म्हटलं, "मी सांगू का त्यांना? गवंडी जळगावहून पाठवते, एका दिवसात होईल." अक्काने साखरेचा डबा माझ्या हातात दिला. "नको गं," म्हणाली. "करतील त्यांच्या वेळेने."

माझ्या वहीत त्या सायकलच्या पानावर सतरा कामं आहेत. सोळांवर खूण झाली आहे. सतरावं आहे, फाटकाशी पायरी. मी आयुष्यात कुणाच्या मागे लागल्याशिवाय काम बाकी ठेवलेलं नाही. पण त्या ओळीपाशी आले की मी पान उलटते.